जर-तरचं पत्राकाम

माझ्या कामाच्या टेबलावर सध्या जे विमान उभं आहे, ते कुठल्याही हवाई दलाच्या नोंदवहीत सापडणार नाही. विमानाचा प्रकार खरा आहे: पी-४७ थंडरबोल्ट, अमेरिकेच्या रिपब्लिक कंपनीचं, दुसऱ्या महायुद्धातलं. त्याचं हे १/४८ प्रमाणातलं प्लॅस्टिकचं मॉडेल, पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम २६ सेंटिमीटर. पण त्याच्या अंगावर अशोकचक्र आहे, आणि भारतीय हवाई दलानं थंडरबोल्ट कधी उडवलेलंच नाही. मॉडेल करणारे या प्रकाराला ‘व्हॉट-इफ’ म्हणतात. कुणी त्यात रंगांची हौस भागवून घेतं, कुणी एका विमानाचे पंख दुसऱ्याला जोडून बघतं. त्याला माझी हरकत नाही. मला मात्र असं विमान करायचं होतं की हवाई दलातल्या एखाद्या जुन्या माणसानं ते उलटंसुलटं करून पाहावं आणि त्याला चूक सापडू नये. सापडावा तो फक्त एक ‘जर’.

मी नोकरीची सगळी वर्षं ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात पत्राकामात काढली. आधी मिग-२१, नंतर मिग-२७. या मिग-२७चं आपल्याकडचं नाव ‘बहादूर’. जमिनीलगत वेगानं यायचं, खालच्या लक्ष्यावर मारा करायचा आणि निघून जायचं, यासाठीच ते केलेलं. २७ डिसेंबर २०१९ला जोधपूरला शेवटची बहादूर निवृत्त झाली तेव्हा आमच्या कॉलनीतल्या कितीतरी निवृत्त लोकांनी एकमेकांना फोन केले. असं विमान वरून देखणं दिसतं. त्यानं काय काय सोसलं ते बघायचं तर पोटाखाली शिरावं लागतं. तोफेच्या धुराची काजळी, धावपट्टीवरचे खडे उडून पडलेले पोचे, ऑइलचे ओघळ, झाकणांच्या कोपऱ्यांतून निघालेल्या बारीक भेगा. बहादूरची ३० मिलिमीटरची सहा नळ्यांची तोफ चालली की सगळं धड हादरायचं. त्या हादऱ्याच्या खुणा शोधण्यात माझी नजर तयार झाली. त्यामुळे आजही कुठलं विमान समोर आलं की माझी मान आधी खाली वाकते.

थंडरबोल्टकडे मी पोचलो तो लिबरेटरच्या वाटेनं. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शॉपमध्ये बंगळूरहून बदलून आलेले एक ज्येष्ठ फिटर होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. कानपूरची गोष्ट आमच्या कंपनीत प्रत्येकाच्या कानावर थोडीफार असते, पण ज्यांनी ते काम केलं त्यांच्या हाताखाली अण्णा शिकले होते, म्हणून त्यांच्या तोंडून ती वेगळी वाटायची. गोष्ट अशी. युद्धात ब्रिटनला अमेरिकेकडून मिळालेली विमानं लेंड-लीज करारातली होती. युद्ध संपल्यावर ती परत करायची, नाहीतर पैसे मोजायचे, नाहीतर मोडून टाकायची. डॉलर मोजायची ब्रिटनची ऐपत उरली नव्हती आणि अमेरिकेला ती परत नको होती. भारतातली लिबरेटर बॉम्बर विमानं कानपूरच्या चकेरी तळावर गोळा केली गेली आणि पुन्हा उडू नयेत अशा बेतानं निकामी करून सोडून दिली गेली. स्वातंत्र्यानंतर आपल्या हवाई दलाला बॉम्बर हवे होते. तेव्हा आमच्याच कंपनीची, म्हणजे त्या वेळच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टची, माणसं कानपूरला गेली, त्या भंगारातून त्यांनी एकेक विमान उडवण्याजोगं केलं, ते हवेतून बंगळूरला नेलं आणि तिथे त्याचं पूर्ण ओव्हरहॉल केलं. अशी चाळीसच्या वर विमानं. नोव्हेंबर १९४८मध्ये त्यांच्यावर ५ नंबरची स्क्वाड्रन उभी राहिली. पुढे ६ नंबरच्या स्क्वाड्रननं ती पुण्याहून समुद्रावरच्या टेहळणीसाठी वापरली. १९६८पर्यंत लिबरेटर आपल्याकडे उडत होती! त्यातलं एक १९७४मध्ये ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला भेट म्हणून गेलं आणि आजही तिथे आहे.

अण्णा वैमानिकांबद्दल फारसं बोलत नसत. ते सांगायचे पत्र्याबद्दल. ड्रॉइंग नसताना भाग कसा करायचा? डावीकडचा शाबूत असेल तर त्याचं माप घ्यायचं, आणि त्यावरून उजवीकडचा उलटा काढायचा. दोन्हीकडचा गेलेला असेल तर शेजारच्या विमानाकडे जायचं. ‘विमान बोलतं रे, तू ऐक,’ असं त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत ते म्हणायचे, आणि बोटाची नखं पत्र्यावर वाजवून आतली फासळी कुठे आहे ते दाखवायचे.

माझा प्रश्न इथून सुरू झाला. ब्रिटिश हवाई दलाला आठशेच्या वर थंडरबोल्ट मिळाली, आणि ती लढली जवळजवळ सगळी आपल्याच बाजूला, बर्मा आघाडीवर. वैमानिकांना त्यांची सवय करून दिली गेली ती बंगळूरजवळच्या येलहंकाला. सप्टेंबर १९४४पासून ती मोहिमांवर जाऊ लागली. प्रत्येक पंखात चार, अशा अर्ध्या इंची आठ मशीनगन, पंखांखाली पाचशे पौंडी बॉम्ब. पायदळाच्या पुढच्या रांगेवर घिरट्या घालत राहायचं आणि खालून रेडिओवर लक्ष्य सांगितलं की खाली झेपावायचं. त्याच आघाडीवर भारतीय स्क्वाड्रन हरिकेन, व्हेन्जन्स आणि स्पिटफायरवर लढत होत्या. थंडरबोल्ट त्यांच्या वाट्याला आलं नाही. युद्ध संपलं आणि लेंड-लीजच्या त्याच नियमानं थंडरबोल्टही भंगारात निघाली. मग लिबरेटर उठली, थंडरबोल्ट का नाही उठली? कानपूरच्या रांगेत ती उभी असती आणि आमच्या कारखान्याच्या माणसांनी त्यातली डझनभर उचलली असती, तर?

याचं उत्तर शोधण्यात मॉडेलचा खोका कितीतरी काळ बंदच राहिला. त्या काळाबद्दल मला मुळीच खेद नाही; या कामातला सगळ्यात रसाळ भाग तोच होता. उत्तर इंजिनात होतं. लिबरेटरला प्रॅट अँड व्हिटनीची चार आर-१८३० इंजिनं. आणि डकोटाला? त्याच कुळातली दोन. डकोटा आपल्या हवाई दलाकडे होतीच, काश्मीरला पहिलं सैन्य २७ ऑक्टोबर १९४७ला उतरलं ते तिच्यातूनच. युद्धात बंगळूरचा कारखाना अमेरिकी सैन्यानं दुरुस्तीच्या डेपोसाठी घेतला होता, तेव्हा आपले कामगार अमेरिकी विमानांवर आणि इंजिनांवर हात बसवून झाले होते. म्हणजे प्लग, सिलिंडर, हत्यारं आणि ते इंजिन उघडून पुन्हा जुळवणारी माणसं, सगळं जागेवर होतं. थंडरबोल्टचं इंजिनही प्रॅट अँड व्हिटनीचंच, पण आर-२८००. दोन रांगांत अठरा सिलिंडर, दोन हजार अश्वशक्तीच्या वरची ताकद, आणि आपल्या हवाई दलातल्या दुसऱ्या कुठल्याच विमानाशी नातं नाही. सुटा भाग लागला की अमेरिका, आणि अमेरिका म्हणजे डॉलर. उलट ब्रिटनमध्ये भारताचे स्टर्लिंग साठलेले होते, ते खर्चून टेम्पेस्ट घेता येत होती. टेम्पेस्टही एका मोठ्या इंजिनाचं, दणकट, जमिनीवर मारा करणारं विमान. २० मिलिमीटरच्या चार तोफा. ती आली, काश्मीरमध्ये लढली, आणि थंडरबोल्टची गरजच उरली नाही. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांचं बरोबर होतं. मी त्या जागी असतो तर मीही टेम्पेस्टच मागितली असती.

हे कळल्यावर ‘जर’ संपायला हवा होता. पण एक फट राहत होती, आणि ती मला विमानाच्या पोटात सापडली.

थंडरबोल्टचं धड इतकं जाड का आहे, हे बाहेरून कळत नाही. त्याचा टर्बोसुपरचार्जर इंजिनाजवळ नाही, तो वैमानिकाच्या मागे, शेपटीकडे धडाच्या तळाशी बसवलेला आहे. इंजिनाचा तापलेला धूर जाड नळ्यांतून पोटाखालून मागे जातो, टर्बाइन फिरवतो. तिथे दाबलेली हवा थंड होऊन पुन्हा नळ्यांतून पुढे इंजिनाकडे येते. या सगळ्या नळ्यांना जागा हवी म्हणून पोट मोठं. उंचावर, जिथे हवा विरळ होते, तिथे इंजिनाची ताकद टिकवून धरण्यासाठी हा खटाटोप. बर्मामध्ये झाडांच्या शेंड्यांवरून मारा करताना त्याचा उपयोग थोडाच. म्हणून माझा पहिला विचार होता की बंगळूरला हे टर्बो काढून टाकलं असं दाखवावं. इंजिनाला स्वतःचा यांत्रिक सुपरचार्जर असतोच, कमी उंचीवर त्यावर भागतं. पोटाखालचा धुराचा पाइप आणि बाजूची हवेची झाकणं बंद करायची, वर साधा पत्रा. मॉडेलवर फरक ठळक दिसला असता.

पण पत्राकाम केलेला माणूस वजन विसरू शकत नाही. शेपटीकडचं एवढं ओझं काढलं की गुरुत्वमध्य पुढे सरकतो. पुढे ते अवजड इंजिन बसलेलंच आहे. तोल सावरायला मागे काहीतरी ठेवायला हवं. पेट्रोलची टाकी ठेवली तर ती उड्डाणात रिकामी होत जाणार, म्हणजे परतीच्या वाटेवर तोल पुन्हा बिघडणार. नुसतं शिसं भरलं तर मग काढलं कशासाठी? कागदावर आकडे मांडून मी बरेच दिवस यात रमलो होतो.

शेवटी नकाशानं निकाल दिला. लिबरेटर आली ती १९४८च्या शेवटी. माझी थंडरबोल्टही त्याच्या आधी येऊ शकत नाहीत. काश्मीरमधली युद्धबंदी १ जानेवारी १९४९ला लागू झाली. म्हणजे माझ्या विमानाला लढायला जेमतेम नोव्हेंबर-डिसेंबर मिळतात. त्या दोन महिन्यांत लढाई कुठे होती? जोझीला खिंडीत आणि तिच्या पलीकडे. १ नोव्हेंबर १९४८ला सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या त्या खिंडीतून पुढे घुसले. जनरल थिमय्यांची ती मोहीम. तिथे जमीनच एवढी उंच, की ‘जमिनीलगत’ उडणाऱ्या विमानाला चार हजार मीटरच्या वर राहायचं, आणि दोन्ही बाजूंची शिखरं त्याहून वर. बर्मामध्ये ज्या टर्बोचं ओझं झालं असतं, ते इथे नेमकं कामाचं. थंडरबोल्ट हे मुळात उंचावर लढायला केलेलं आणि मग जमिनीवर मारा करायला लावलेलं विमान. लडाखच्या वाटेवर त्याचे हे दोन्ही गुण एकाच वेळी उपयोगी पडले असते. एवढी एकच जागा मला सापडली, जिथे टेम्पेस्ट असतानाही कुणी अधिकारी म्हणू शकला असता, ‘ती मोडकी थंडरबोल्ट जरा बघून घ्या.’ टर्बो जागेवर राहिलं. पोटाखालचा पाइप आणि बाजूची झाकणं यांना मी हातही लावला नाही, आणि या न-बदलाचा मला मॉडेलमधल्या कुठल्याही बदलापेक्षा जास्त आनंद आहे.

मग खोका उघडला. किट तामियाचं, भाग एकमेकांत इतके नेमके बसतात की पुट्टी फार लागत नाही. माझं सगळं काम पुढचं: हे विमान तीन-चार मोडक्या विमानांतून जुळवलेलं दिसायला हवं होतं. बर्मा आघाडीवरची आधीची थंडरबोल्ट रंगवलेली असत आणि त्यांच्यावर ओळखीचे पांढरे पट्टे असत. नंतरची उघड्या धातूची आली, त्यांच्यावर तेच पट्टे गडद. तिथल्या ब्रिटिश विमानांच्या वर्तुळातला लाल रंग काढून टाकलेला असे, जपानी सूर्याशी गल्लत होऊ नये म्हणून. उरत फक्त दोन निळ्या छटा. मी उजवा पंख उघड्या धातूच्या विमानाचा घेतला, डावा रंगवलेल्या विमानाचा. इंजिनावरच्या आवरणाचे काही तुकडे एकाचे, काही दुसऱ्याचे. काचेच्या छत्रीची चौकट तिसऱ्याची. डाव्या पंखावरचा जुना रंग खरवडलेला, पण फटींत आणि झाकणांच्या कडांना थोडा उरलेला. कामगार रंग काढतो तेव्हा तो सगळीकडून सारखा निघत नाही. मधल्या सपाट भागावर हात मोकळा फिरतो, कोपऱ्यात अडतो. मॉडेलवर मी तसंच केलं: आधी धातूचा रंग, त्यावर हिरवा-तपकिरी, मग बारीक पॉलिश पेपरनं पाणी लावून तो उलटा काढत गेलो.

उघड्या धातूचा रंग हा मॉडेलच्या कामातला सगळ्यात मानी भाग आहे. खाली चकचकीत काळा थर लागतो, तो आरशासारखा गुळगुळीत हवा, कारण वरचा अॅल्युमिनियमचा थर इतका पातळ की खालचा प्रत्येक ओरखडा वर दिसतो. आणि धातू म्हणजे एक रंग नव्हे. कारखान्यात एकाच गाडीतून आलेले दोन पत्रे शेजारी ठेवले तरी त्यांची चकाकी वेगळी असते. दाणा कुठल्या दिशेनं गेला आहे त्यावर ती ठरते. धुराच्या वाटेवरचा पत्रा तापून पिवळसर-निळा होतो, तोफांच्या झाकणांवरचा सतत उघडझाप करून मंद पडतो. एकेक पॅनेल झाकत, उघडत, वेगळी छटा मारत गेलो.

ठिगळांवर मात्र मी जीव ओतला. निकामी करताना पाडलेली भोकं बुजवायची तर ठिगळ लागणारच. खऱ्या विमानाचा पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आतबाहेर. १/४८ प्रमाणात तो होतो मिलिमीटरचा पन्नासावा भाग. प्लॅस्टिकची सगळ्यात पातळ शीटसुद्धा त्याच्या कितीतरी पट जाड. स्वयंपाकघरातली पोळ्या गुंडाळायची फॉइल मात्र जवळजवळ तेवढीच पातळ निघाली. तिची ठिगळं कापली, कोपरे गोल ठेवले. ठिगळाला टोकदार कोपरा ठेवायचा नाही, भेग तिथूनच सुरू होते, हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात. कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट अंतर सोडायचं, दोन रिव्हेटमध्ये किमान तिप्पट. हे सगळं मी पाळलं, सुईच्या टोकानं, भिंगाखाली. बाकीच्या विमानावर रिव्हेट दाखवले नाहीत. सबंध मॉडेलवर रिव्हेटच्या खोल रांगा उमटवायची आता पद्धत झाली आहे. मला ते पटत नाही; तीन मिलिमीटरच्या रिव्हेटचं डोकं एवढ्या अंतरावरून डोळ्याला दिसतच नाही. दिसते ती त्याच्या भोवतीच्या पत्र्याची किंचित ओढ. ठिगळावरचे रिव्हेट मात्र दिसतात, कारण ते हातानं, घाईत, उघड्यावर मारलेले.

चक्राबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. स्वातंत्र्यानंतर, आणि १९५०मध्ये केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ येण्याआधी, काही काळ हवाई दलाच्या विमानांवर पांढऱ्यावर निळं अशोकचक्र होतं. ते मला फार सुंदर वाटतं. चोवीस आरे, या मापात केसासारखे. पांढऱ्या फिल्मवर डिकल छापून घेतली, आणि खाली दोन निळ्यांचं जुनं वर्तुळ अर्धवट पुसलेलं ठेवलं, डोळे बारीक केल्यावरच दिसेल इतपत. नंबराचंही तसंच. त्या काळात आपल्या टेम्पेस्टचे नंबर ‘एचए’नं, लिबरेटरचे ‘एचई’नं सुरू होत, म्हणून नवा नंबर ‘एच’चा, आणि खाली ब्रिटिशांच्या ‘केएल’ मालिकेतल्या जुन्या नंबराची पुसट सावली.

शस्त्रांचं गणित झटपट सुटलं. अर्ध्या इंची मशीनगनला गोळ्या कुठून? लिबरेटरवरही त्याच मशीनगन होत्या, म्हणजे दारूगोळा आलाच. पंखांखाली टेम्पेस्टची साठ पौंडी रॉकेटं. तळ अंबाला, कारण श्रीनगरच्या तेव्हाच्या धावपट्टीवर डकोटा उतरतानाच धुळीचे लोट उठत, तिथे भरलेलं थंडरबोल्ट उतरवायला मी कुठल्याही वैमानिकाला पाठवणार नाही.

एका गोष्टीवर माझा आणि पुण्याच्या एका मित्राचा वाद झाला. तो म्हणाला, ‘कॉकपिटखाली मुळगावकरांचं नाव टाका ना काका, आपला मराठी माणूस.’ हृषीकेश मुळगावकर त्या मोहिमेत लढले, त्यांना महावीर चक्र मिळालं, पुढे १९७६मध्ये ते हवाई दलप्रमुख झाले. त्याचा मुद्दा मला समजला, पण मी साफ नाही म्हटलं. त्या डोंगरांमध्ये टेम्पेस्ट घेऊन जी माणसं गेली, ती खऱ्या विमानातून खऱ्या गोळ्यांसमोर गेली. त्यांच्यातलं एकही नाव मी माझ्या कल्पनेवर चिकटवणार नाही. आणि खाली ज्यांच्यावर रॉकेटं पडायची तीही माणसंच होती. एवढं तरी गांभीर्य या कामाला हवं. विमान माझं, तर जबाबदारीही माझी. कॉकपिटखालची जागा रिकामी आहे.

पुण्याच्या प्रदर्शनात मी मॉडेलखाली आरसा ठेवला. लोक वाकून चक्र बघत होते, फोटो काढत होते, ‘हे आपल्याकडे कधी होतं?’ असं विचारत होते. प्रत्येकाला मी आधी सांगत होतो की हे नव्हतं, आणि मग लिबरेटरची गोष्ट सांगत होतो, जी होती. बऱ्याच जणांना ती माहीत नव्हती. पुण्यात लोहगावला ती विमानं उभी असायची हे ऐकून एक मुलगी आपल्या आजोबांना फोन लावायला बाहेर पळाली. मला वाटतं, माझ्या थंडरबोल्टनं तिथे केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच: एका न घडलेल्या विमानानं घडलेल्या विमानांकडे बोट दाखवलं.

दुपारी हवाई दलातले एक निवृत्त गृहस्थ आले. इंजिन फिटर होते. त्यांनी वरून फारसं पाहिलंच नाही, सरळ आरशात पाहिलं. टर्बोच्या पाइपामागची काजळी, गुठळ्या झालेलं ऑइल, रिकाम्या काडतुसांच्या खाचांमागचे करडे फराटे, मागच्या चाकाशेजारचा चिखल, सगळं सावकाश बघितलं. मग म्हणाले, ‘काम चांगलं केलंत. पण साहेब, आर-२८००. तुमच्याकडे किती विमानं आहेत म्हणालात?’

‘बारा धरली आहेत.’

‘सुटे भाग?’

‘बाहेरून नाहीत.’

‘मग उडणारी किती?’

मी म्हटलं, सुरुवातीला आठ, सहा महिन्यांत चार. त्यांनी मान हलवली. म्हणाले, ‘तीन धरा. सिलिंडर आधी जातील. तीन उडवायला नऊ उघडावी लागतील.’ आणि टेबलावर बोटानं त्यांनी मला मांडून दाखवलं, कुठलं विमान आधी उघडायचं, कुठला भाग कुठून निघेल, कुठला मुळीच मिळणार नाही. आम्ही दोघं चहा घ्यायचं विसरून त्या बारा विमानांचं ओव्हरहॉल करत बसलो होतो. प्रदर्शनाचे स्वयंसेवक दिवे बंद करायला आले तरी आमचं कार्ब्युरेटरपर्यंतच आलं होतं.

त्यांचा हिशेब बरोबर आहे. माझ्या ‘जर’मध्ये एक विमान उभं राहतं ते शेजारच्या तिघांच्या जिवावर, आणि ते तिघं माझ्या मॉडेलमध्ये कुठेच नव्हते. म्हणून दुसरं किट आणलं आहे. त्याचा पंख निघालेला, इंजिनाच्या जागी नुसत्या फासळ्या आणि तोडलेले पाइप, धड ड्रमवर टेकवलेलं, काच नाही. या वेळी कुठलं चक्र नाही, नवा नंबर नाही, जुना ‘केएल’ तेवढा. इंजिनामागची चौकट किटमध्ये दिलेली नसते, ती पितळेच्या तारेनं करतो आहे. फिटर साहेबांचा दर रविवारी फोन येतो. परवा त्यांनी विचारलं, ऑइलचा कूलर काढलात का. मी म्हटलं, अजून नाही. ते म्हणाले, ‘तो सगळ्यात आधी जाईल. काढून टाका.’